संकेतस्थळाची प्रणाली निवडताना : अजॅक्सची आयती सोय आणि तिचे खरे मोल

रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या पतसंस्थेच्या, महाविद्यालयाच्या अथवा सहकारी संघाच्या संचालक मंडळापुढे नवे संकेतस्थळ उभारण्याचा विषय येतो, तेव्हा मेजावर बहुधा दोन दरपत्रके येऊन पडतात. पहिले पुण्या-मुंबईच्या एखाद्या कंपनीचे असते. त्यात व्यापारी प्रणालीचा परवाना, त्याची मुदत, वार्षिक देखभालीची रक्कम आणि प्रणालीबरोबर आयत्या मिळणाऱ्या सोयींची लांबलचक यादी असते. दुसरे लातूरच्या एखाद्या तरुण व्यावसायिकाचे असते; रूढ भाषेत ज्यांना ओपन सोर्स म्हणतात अशा मुक्तस्रोत प्रणालीवर तेच काम करून देण्याची हमी त्यात असते आणि परवान्याच्या रकान्यात शून्य लिहिलेले असते. 'संपूर्ण अजॅक्स सुविधा' हे शब्द मात्र दोन्ही दरपत्रकांत असतात. ते वाचून माना डोलावणारे संचालक पुष्कळ; ती सुविधा आपल्या सभासदाच्या मोबाइलवर, आपल्या गावच्या रेंजमध्ये आणि आपल्या कारकुनाच्या हातून कशी चालेल, हे विचारणारा विरळा. तो प्रश्न कसा विचारावा आणि मिळालेल्या उत्तराची पारख कशी करावी, एवढेच सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अजॅक्सचे कार्य

ज्याने सात-बारा ऑनलाइन पाहिला आहे, त्याने या तंत्राचा हेतू अनुभवलेलाच आहे. महाभूलेखच्या संकेतस्थळावर आधी विभाग निवडावा लागतो. छत्रपती संभाजीनगर विभाग निवडला की मराठवाड्यातील जिल्हे समोर येतात, लातूर निवडला की जिल्ह्याचे दहा तालुके येतात, रेणापूर निवडले की तालुक्यातील गावांची यादी येते, आणि गाव निवडून गट क्रमांक घातल्यावर उतारा दिसतो. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत. त्या सर्वांची नावे सुरुवातीलाच प्रत्येकाच्या मोबाइलवर उतरवणे हा शुद्ध अपव्यय होय, आणि प्रत्येक निवडीसरशी संपूर्ण पान नव्याने मागवणे हाही त्याच जातीचा अपव्यय होय. दप्तरखान्यातून सबंध रुमाल उचलून न आणता त्यातील हवा तो एकच कागद काढून आणणारा जाणता कारकून जे काम करतो, तेच अजॅक्स करते: पान जागच्या जागी ठेवून, मागील बाजूने सर्व्हरकडे छोटी विनंती धाडून, आलेल्या उत्तराने पानाचा तेवढाच भाग बदलते.

या तंत्राचे बीज 1999 साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत पडले. टपाल पाहण्याच्या आउटलुकला ब्राउझरमध्ये आणण्यासाठी त्या कंपनीने ही सोय घडवली होती. 2004 साली जीमेल आणि 2005 च्या आरंभी गूगलचे नकाशे आले, तेव्हा तिचे सामर्थ्य सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर आले. आणि 18 फेब्रुवारी 2005 रोजी जेसी जेम्स गॅरेट या अमेरिकन तज्ज्ञाने लिहिलेल्या निबंधातून तिला आजचे नाव मिळाले. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत वेब प्रणाली विकणाऱ्या कंपन्यांत आणि विनामूल्य देणाऱ्या समुदायांत ही सोय आयती पुरवण्याची चढाओढ लागली. आज तुमच्या मेजावरील दरपत्रकांत जे वाक्य दिसते, ते त्या चढाओढीचे शिल्लक उरलेले चिन्ह आहे. वस्तुतः सर्व्हरकडून तुकडा मागवण्याची क्षमता आता प्रत्येक ब्राउझरमध्येच अंगभूत आहे. तेव्हा 'अजॅक्स आहे की नाही' हा प्रश्न आज गैरलागू असून, 'आयत्या सोयीने कोणते श्रम वाचतात आणि कोणते बंधन गळ्यात पडते' हा प्रश्न उरला आहे.

दोन्ही कुळांचा पूर्वेतिहास

व्यापारी प्रणालीमागे कंपनी उभी असते म्हणून ती टिकाऊ, आणि मुक्तस्रोत प्रणालीमागे कोणीच नसते म्हणून ती बेभरवशाची, असा एक समज आपल्याकडे दृढ आहे. मुक्तस्रोताचे अभिमानी याच्या नेमके उलट सांगतात. पूर्वेतिहास पाहिला असता दोन्ही समज सारखेच कच्चे ठरतात.

मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2007 मध्ये एएसपी डॉट नेट अजॅक्स प्रसिद्ध केले. त्यातील 'अपडेटपॅनल' नावाची चौकट पानातील एखाद्या भागाभोवती टाकली की तो भाग आपोआप अजॅक्सने बदलू लागे. जावास्क्रिप्टची एक ओळही लिहावी लागत नसे. असंख्य कार्यालयीन संकेतस्थळे या सोयीवर उभी राहिली. पुढे 2016 साली त्याच कंपनीने एएसपी डॉट नेट कोअर ही नवी प्रणाली आणली, तीही मुक्तस्रोत. आणि तिच्यात वेब फॉर्म्स या पाने बांधण्याच्या जुन्या पद्धतीला व तिच्यातील अपडेटपॅनलला स्थान दिले नाही. जुनी संकेतस्थळे अद्याप चालतात, परंतु नव्या वाड्यात जायचे तर त्यांना आपले बिऱ्हाड नव्याने मांडावे लागते. अडोबीच्या कोल्डफ्यूजन या व्यापारी प्रणालीने 2007 च्या आठव्या आवृत्तीत तक्ते, दिनदर्शिका आणि सूचक शोध यांचे आयते घटक दिले. ते घटक एक्स्ट जेएस आणि याहूचे ग्रंथालय या दोन बाहेरच्या साधनांवर उभारलेले होते. त्यांपैकी याहूने आपल्या ग्रंथालयाचा पुढील विकास 2014 साली थांबवला, आणि एक्स्ट जेएसच्या चालकांनी 2008 सालीच परवान्याच्या अटी बदलून त्यावर विसंबलेल्या अनेकांना कोड्यात टाकले होते. त्याच 2008 साली मायक्रोसॉफ्टने जेक्वेरी हे मुक्तस्रोत साधन स्वतःच्या व्यापारी सामग्रीसोबत देण्याचे जाहीर केले.

यावरून घेण्याचा बोध असा की, व्यापारी पेटीत मुक्तस्रोत माल असतो, मुक्तस्रोत माल व्यापारी होऊ शकतो, आणि जो आज आयता घटक देतो तो उद्या तो काढूनही घेऊ शकतो. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न असा करावा: ही अजॅक्सची सोय तुमची स्वतःची आहे की दुसऱ्या कोणाच्या साधनावर बेतलेली आहे, ते साधन कोणत्या आवृत्तीचे आहे, आणि ते बंद पडल्यास बदलून देण्याची जबाबदारी कोणाची? उत्तर लेखी घ्यावे.

पहिली कसोटी : सोय अडली तर काम अडते का

ज्या संस्थेचा व्यवहार बाजारपेठेत चालतो, तिचे उदाहरण घेऊ. पतसंस्थेचा पिग्मी एजंट संध्याकाळी दुकानादुकानांतून रक्कम गोळा करीत हिंडत असतो आणि प्रत्येक भरणा मोबाइलवरून नोंदवीत असतो. त्याने रक्कम घातली, 'जमा करा' ही कळ दाबली, पडद्यावर गोल चक्र फिरू लागले आणि तेवढ्यात रेंज गेली. 'नुसतं फिरतंय' असे म्हणून त्याने कळ पुन्हा दाबली. पहिली विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचलेली होती, फक्त तिचे उत्तर परत आलेले नव्हते. दुसरी विनंतीही पोहोचली आणि एका भरण्याच्या दोन नोंदी झाल्या. रात्री हिशेब जुळत नाही म्हणून एजंट, कारकून आणि दुकानदार तिघेही एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात.

जुन्या पद्धतीच्या पानात अशी गफलत होतच नव्हती असे नव्हे. परंतु तेथे पान लोड होत असल्याचे ब्राउझर स्वतः सांगत असे, आणि पुन्हा पाठवायचे का असेही विचारीत असे. अजॅक्समध्ये ही सारी जबाबदारी प्रणालीकडे किंवा ती वापरणाऱ्या प्रोग्रॅमरकडे येते. म्हणून आयत्या सोयीत चार गोष्टी आहेत की नाहीत ते पाहावे. कळ एकदा दाबल्यावर उत्तर येईपर्यंत ती निष्क्रिय होते का; ठरावीक अवधीत उत्तर न आल्यास मराठीत स्पष्ट संदेश येतो का; प्रत्येक भरण्याला एक स्वतंत्र ओळखक्रमांक आधीच मिळून त्याच क्रमांकाची दुसरी नोंद सर्व्हर नाकारतो का; आणि जावास्क्रिप्ट मुळीच चालले नाही तरी साध्या अर्जाच्या मार्गाने काम पुरे होते का.

शेवटच्या मुद्द्याला जाणकार फार महत्त्व देतात आणि तो सार्थ आहे. ड्रुपल या मुक्तस्रोत प्रणालीच्या अर्जपद्धतीत अजॅक्सची आयती तरतूद आहे, आणि अर्ज नीट बांधला असल्यास जावास्क्रिप्टविनाही तो पायरीपायरीने पूर्ण करता येतो. काही व्यापारी घटकसंचांत मात्र जावास्क्रिप्ट नसेल तर पडद्यावर कोरी चौकट उरते. अर्थात हा गुणधर्म परवान्यावर ठरत नाही. अलीकडच्या अनेक मुक्तस्रोत साधनांतही तीच कोरी चौकट दिसते. याच कसोटीत आणखी एक बाब येते. दृष्टिहीन वाचक पडदावाचक, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे साधन, वापरतो. पानाचा एखादा भाग शब्दही न करता बदलला तर त्याला ते कळतच नाही. बदललेला भाग पडदावाचकाला कळवण्याची खूण आयत्या घटकांत आधीच घातलेली आहे का, हेही याच वेळी विचारून घ्यावे.

दुसरी कसोटी : एका विनंतीचे वजन

अजॅक्समुळे पान हलके होते हे सामान्यतः खरे असले तरी सर्वत्र खरे नाही. वर ज्याचा उल्लेख आला त्या अपडेटपॅनलचेच पाहा. पानाचा लहानसा भाग बदलायचा असला तरी ब्राउझर संपूर्ण अर्जाची गुप्त स्थिती, जिला व्ह्यूस्टेट म्हणतात, प्रत्येक वेळी सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हर संपूर्ण पान नव्याने उभे करतो आणि त्यातील केवळ हवा तो भाग परत धाडतो. परत येणारे ओझे हलके झाले, जाणारे ओझे तेवढेच राहिले. मोबाइलच्या जोडणीत पाठवण्याचा वेग उतरवण्याच्या वेगापेक्षा बहुधा कमी असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे मोठा तक्ता असलेल्या अशा पानावर तालुका निवडल्यावर गावांची यादी यायला इतका विलंब का लागतो, याचा उलगडा होतो.

मुक्तस्रोताच्या बाजूला वर्डप्रेसचे उदाहरण घ्यावे, कारण आपल्या भागातील महाविद्यालयांची आणि संस्थांची पुष्कळ संकेतस्थळे याच प्रणालीवर बांधली जातात. तिच्यात अजॅक्सच्या विनंत्यांसाठी एक ठरलेले द्वार आहे. त्या द्वारातून येणारी प्रत्येक विनंती जवळजवळ संपूर्ण प्रणाली जागी करते आणि सहसा साठवून ठेवलेल्या उत्तरातून भागवली जात नाही. प्रवेशाच्या हंगामात हजार विद्यार्थी एकाच वेळी गुणवत्ता यादीच्या चौकटीत आपले नाव शोधू लागले तर स्वस्तातला सर्व्हर धापा टाकू लागतो. डिसेंबर 2016 च्या आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये दुसरा, अधिक सुटसुटीत मार्ग आला आहे. तुमचा विकासक कोणता मार्ग वापरतो हे त्याला विचारावे. याच प्रणालीतील आणखी एक नेहमीची चूक ध्यानात ठेवण्याजोगी आहे: लॉगइन केलेल्या आणि न केलेल्या वाचकांसाठी विनंतीची नोंदणी वेगवेगळी करावी लागते, विकासक स्वतः लॉगइन असताना सर्व काही चालते, आणि बाहेरच्या विद्यार्थ्याला मात्र उत्तरादाखल केवळ शून्य मिळते. तेव्हा प्रात्यक्षिक नेहमी लॉगआउट करून, आपल्या स्वतःच्या मोबाइलवर पाहावे.

हे वजन तपासायला तज्ज्ञ लागत नाही. संगणकावर क्रोम उघडून एफ-12 ही कळ दाबावी, 'नेटवर्क' या भागात जावे, वेगाच्या यादीतून मंद जोडणीचा पर्याय निवडावा आणि अर्ज भरून पाहावा. प्रत्येक निवडीमागे किती विनंत्या गेल्या, प्रत्येक किती किलोबाइटची होती आणि तिला किती वेळ लागला, हे सारे ओळीने लिहून येते. त्याच यादीत जोडणी सर्वस्वी बंद करण्याचाही पर्याय आहे. अर्ज अर्धा भरल्यावर तो निवडून 'जमा करा' दाबावे, म्हणजे पहिल्या कसोटीचा निकालही तत्काळ लागतो.

तिसरी कसोटी : मराठीतील शोध

ज्या आयत्या सोयीचे विक्रेते सर्वाधिक कौतुक करतात ती म्हणजे सूचक शोध: दोन अक्षरे लिहिली की खाली नावे दिसू लागतात. इंग्रजीत ही सोय देखणी दिसते. मराठीत तिची खरी परीक्षा होते. 'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. ते सात चिन्हांचे आहे. प्रत्येक चिन्हासरशी विनंती पाठवणारा घटक एका आडनावासाठी सात वेळा सर्व्हरचे दार ठोठावतो, आणि मंद जोडणीत तिसऱ्या विनंतीचे उत्तर सातवीच्या उत्तरानंतर येऊन पोहोचले तर बरोबर आलेली यादी पुसून चुकीची यादी दिसू लागते. चांगला घटक बोट थांबेपर्यंत क्षणभर धीर धरतो आणि शिळे झालेले उत्तर टाकून देतो.

याहून सूक्ष्म अडचण त्या ऱ्ह मधील चंद्राकार रफाराची आहे. तो संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो: एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असतो, दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य सांधा असतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन भिन्न शब्द वाटतात. जुन्या नोंदी एका कळपाटीवर टंकलेल्या आणि आजचा शोध दुसऱ्या कळपाटीवर केलेला असेल, तर सभासदाचे नाव वहीत असूनही 'नोंद आढळली नाही' असे उत्तर येते. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने ऱ आणि नुक्ता दिलेला र हे एकरूप होतात, परंतु त्या अदृश्य सांध्याचा भेद मिटत नाही. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. 'शेतकऱ्यांची यादी' हे शब्द ज्या संस्थेच्या दप्तरात पानोपानी येतात, तिने हा नियम कोण लिहिणार हे आधी ठरवावे. या एका बाबतीत मुक्तस्रोत प्रणालीचे पारडे मला निश्चित जड वाटते, कारण शोधाचा मूळ कार्यक्रम हाती असल्याने लातूर-नांदेडचा जाणता प्रोग्रॅमरही तो दुरुस्त करू शकतो. बंद पेटीतील घटकासाठी कंपनीकडे तक्रार नोंदवून वाट पाहण्याखेरीज गत्यंतर नसते.

चौथी कसोटी : सुरक्षा आणि दुरुस्तीची तत्परता

अजॅक्सची प्रत्येक सोय म्हणजे सर्व्हरला पडलेले एक जादा दार होय, आणि जादा दाराला जादा पहारा लागतो. दोन्ही कुळांतील एकेक घटना येथे नमूद करण्यासारखी आहे.

टेलेरिक या व्यापारी घटकसंचात पान न हलवता फाइल चढवण्याची आयती सोय होती. तिच्यातील गंभीर छिद्र 2019 च्या अखेरीस जाहीर झाले आणि त्यावरील दुरुस्तीही लगोलग उपलब्ध झाली. तथापि मार्च 2023 मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने जाहीर केले की त्याच छिद्रातून एका संघीय कार्यालयाच्या सर्व्हरवर घुसखोरी झालेली होती. तपासणीचे साधन त्या कार्यालयाकडे होते, परंतु टेलेरिक नेहमीच्या जागी ठेवलेले नसल्याने ते त्या साधनाच्या नजरेतून सुटले. दुसरी घटना ड्रुपलची. 28 मार्च 2018 रोजी त्या समुदायाने एका अतिगंभीर दोषावरील दुरुस्ती प्रसिद्ध केली. ती येणार असल्याची सूचना आठवडाभर आधी दिलेली होती. पुढे या दोषाचा फायदा घेणारे हल्ले झाले ते बहुतांशी अर्जाच्या अजॅक्स मार्गानेच, आणि त्यांत सापडली ती दुरुस्ती वेळेवर न बसवलेली संकेतस्थळे.

एक प्रणाली विकत घेतलेली, दुसरी विनामूल्य. दोन्हीकडे हल्ल्याची वाट अजॅक्सच्या यंत्रणेतून, दोन्हीकडे दुरुस्ती उपलब्ध, आणि दोन्हीकडे घात झाला तो ती बसवणारा हात वेळेवर न पोहोचल्यामुळे. म्हणून माझे स्पष्ट मत असे की परवान्याचा विचार तिसऱ्या क्रमांकावर ठेवावा. पहिला क्रमांक साध्या मार्गाने काम पार पडण्याला द्यावा आणि दुसरा दुरुस्ती वेळेवर करणाऱ्या माणसाला. दरपत्रकात 'सुरक्षाविषयक दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यापासून अमुक दिवसांत बसवली जाईल' अशी ओळ नसेल, तर त्यातील सुविधांची उरलेली यादी वाचण्यात वेळ दवडू नये.

खर्च, करार आणि मालकी

व्यापारी प्रणालीचा खर्च डोळ्यांना दिसतो: कोणी प्रोग्रॅमरच्या डोईवर आकारणी करतो, कोणी सर्व्हरच्या, आणि वर दरसालचा देखभाल करार म्हणजे एएमसी. काही सोयी मात्र दुसऱ्या खरेदीबरोबर येतात. ज्या संस्थेकडे ओरॅकलचा डेटाबेस आधीच परवान्यासह आहे, तिला त्यावरील एपेक्स ही प्रणाली, तिच्या आयत्या अजॅक्स क्रियांसह, वेगळे मोल न देता मिळते. मुक्तस्रोत प्रणालीचा खर्च डोळ्यांआड असतो: तो माणसाच्या वेळेत असतो. परवाना शून्य असला तरी वर्षाकाठी आवृत्ती बदलणे, जोडसाधने तपासणे, बॅकअप घेणे यांसाठी कोणाला तरी मोबदला द्यावाच लागतो, आणि तो दिला नाही तर काम होत नाही. म्हणून तीन अथवा पाच वर्षांचा एकूण खर्च दोन्ही बाजूंनी मांडून मगच तुलना करावी.

मुक्तस्रोत म्हटले की आपली माहितीही मुक्त होईल, अशी भीती अनेक संचालकांच्या मनात असते. ती निराधार आहे. उघडा असतो तो कार्यक्रमाचा मूळ मजकूर. सभासदांची खाती, ठेवी आणि दूरध्वनी क्रमांक हे तुमच्या डेटाबेसात तुमच्याच कुलपात असतात, आणि 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची जबाबदारी प्रणाली कोणतीही असली तरी संस्थेवरच असते. ड्रुपल किंवा वर्डप्रेस यांच्या परवान्यानुसार तुम्ही स्वतःच्या सर्व्हरवर वापरण्यासाठी केलेले फेरफार जाहीर करण्याचीही सक्ती नाही. केंद्र शासनाने 2015 साली स्वीकारलेल्या धोरणात मुक्तस्रोत पर्यायाला प्राधान्य दिले असून, तो वगळावयाचा असल्यास त्याची कारणे मागण्याची तरतूद केलेली आहे. ते धोरण पतसंस्थेला बंधनकारक नसले तरी निविदा काढताना तोच शिरस्ता पाळण्यास हरकत नसावी.

करारनाम्यात पुढील बाबी असाव्यात, मग प्रणाली कोणत्याही कुळातील असो. संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजे डोमेन, संस्थेच्या नावावर नोंदवलेला असावा; विकासकाच्या नावावर नोंद आणि नंतर वाद, हा प्रकार वारंवार घडतो. संपूर्ण डेटाबेसची प्रत दरमहा संस्थेच्या ताब्यात यावी आणि ती उघडता येते याची खातरजमा व्हावी. संस्थेसाठी लिहिलेल्या कार्यक्रमाचा मूळ मजकूर संस्थेला मिळावा. वापरलेल्या सर्व बाहेरील घटकांची नावे, आवृत्त्या आणि परवाने यांची यादी जोडावी. परवाना नूतन न केल्यास काय बंद पडेल आणि काय चालू राहील, हे स्पष्ट लिहावे. आणि विकासक बदलल्यास कामाचा ताबा देण्याची मुदत ठरवावी.

कोणी काय निवडावे

ज्या संस्थेच्या संकेतस्थळाचे काम केवळ माहिती देणे आहे, मग ती महाविद्यालयाची सूचना असो वा रेणुकादेवीच्या नवरात्रोत्सवाचा कार्यक्रम, तिने अजॅक्ससाठी एक रुपयाही मोजू नये. साधे, जलद उघडणारे पान हीच तिची गरज. वर्डप्रेसची साधी मांडणी तिला पुरेशी आहे, आणि जेवढी हलणारी-डुलणारी जोडसाधने कमी तेवढी तिची प्रकृती उत्तम.

ज्या संस्थेला अर्ज स्वीकारावयाचे आहेत, म्हणजे नगरपंचायतीची तक्रारनोंद, प्रवेश अर्ज, सभासद नोंदणी, तिने मुक्तस्रोत प्रणालीकडे आधी पाहावे. तालुका-गावांच्या याद्यांची साखळी, नावाचा शोध आणि फाइल चढवणे, इतक्या तीन सोयींपलीकडे तिची गरज सहसा जात नाही. त्यासाठी ड्रुपलची अंगभूत तरतूद चालते. अथवा जँगोसारख्या प्रणालीवर, जिने अजॅक्स स्वतःमध्ये न घालता विकासकावर सोपवले आहे, एचटीएमएक्स यासारखे लहान साधन जोडून हे काम थोडक्या ओळींत होते. मराठी शोधाची दुरुस्ती स्वतःच्या हाती राहते, हा यातील मोठा लाभ.

ज्या संस्थेचे कारकून दिवसभर मोठमोठ्या तक्त्यांत आकडे भरतात, रकाने गोठवतात, शेकडो ओळी गाळतात आणि एक्सेलमध्ये उतरवतात, तिच्यासाठी व्यापारी घटकसंचाचे मोल खरोखर आहे. असा परिपक्व तक्ता स्वतः लिहिण्यात जाणारे महिने परवान्याच्या रकमेपेक्षा महाग पडतात. मात्र हा घटकसंच कार्यालयातील कारकुनांच्या पडद्यापुरता ठेवावा; सभासदांसाठीचे पान त्यातून वेगळे आणि हलके असावे. पैशाच्या व्यवहारात ज्या कंपनीची मुख्य बँकिंग प्रणाली आधीच चालू आहे, तिच्याच जोडणीची मागणी प्रथम करावी. दोन प्रणालींतील हिशेब जुळवण्याचे काम कोणत्याही अजॅक्सने सुटत नाही.

निर्णय घेण्यापूर्वी दोन्ही विक्रेत्यांकडून एकच अर्ज नमुन्यादाखल बांधून मागावा: तालुका निवडा, गाव निवडा, 'ऱ्ह' असलेले नाव शोधा, रक्कम भरा आणि जमा करा. तो अर्ज कार्यालयातील वाय-फायवर न चालवता बाजारातल्या गर्दीत, साध्यातल्या साध्या मोबाइलवर, आपल्या एजंटाच्या किंवा शिपायाच्या हातून भरून पाहावा. मध्येच जोडणी तोडावी, कळ दोनदा दाबावी, आणि नंतर नोंदवही उघडून किती नोंदी झाल्या ते मोजावे. ज्याच्या अर्जात एकच नोंद सापडेल आणि ज्याच्या करारनाम्यात दुरुस्तीची मुदत लिहिलेली असेल, त्याचे दरपत्रक मंजूर करावे. ठराव लिहिताना या चाचणीचा निकालही इतिवृत्तात नमूद करावा, म्हणजे पुढील संचालक मंडळाला निवडीचे कारण विचारण्यासाठी कोणाकडे जावे लागणार नाही.